दोन घरांतलं बी

हे मी आजवर एकाही माणसाला सांगितलेलं नाही. बायकोला सांगितलं नाही, ती गेली. मुलाला सांगायला तोंड झालं नाही. दर वर्षी मिरचीचं बी भिजत घालायची वेळ आली की ठरवायचो, यंदा सांगून टाकायचं. बी भिजायचं, उगवायचं, रोपं वाटून व्हायची, आणि मी गप्पच. पन्नास वर्षं माणूस गप्प राहतो तेव्हा त्याला भिडस्तपणा म्हणत नाहीत हो. नीचपणा म्हणतात. हा शब्द पुढे कुठेतरी गुळगुळीत करीन अशी भीती वाटली, म्हणून आधीच लिहून टाकला.

मागच्या रविवारी कोल्हापुरात गच्चीवर बाग करणाऱ्या मंडळींनी माझा सत्कार केला. फेटा, शाल, नारळ. नव्या हंगामाची सुरुवात बियापासून कशी करायची, यावर मला बोलायला लावलं. बोललो. म्हटलं, झाडाच्या मधल्या फांदीवरची, पुरती लाल झालेली मिरची निवडा. सावलीत वाळवा. बी काढलेला हात डोळ्याला लावू नका — यावर लोक हसले. कोमट पाण्यात रात्रभर भिजवा, ट्रेमध्ये नखाएवढं खोल टाका, वर ओलं पोतं झाका, आठ-दहा दिवसांत कोंब मान वर काढतो. सगळं बरोबर सांगितलं. शेवटी एक तरुण बाई उठून म्हणाली, "सर, आम्हीपण हे सगळं करतो, तरी आमचं उगवत नाही. तुमच्या हातालाच गुण आहे." टाळ्या झाल्या. मी हात जोडले — आणि हसलो. हसलो मी!

घरी येऊन शाल कोपऱ्यात भिरकावली. हाताला गुण! एका बाईचा आख्खा जन्म याच शब्दानं नासवला, आणि तो शब्द तिच्यावर बसला तो माझ्यामुळे. आज तोच मला फेट्यावर तुरा म्हणून मिळतो.

ती बाई माझी वैनी. मालन. थोरल्या भावाची बायको. आमचं गाव नेसरीच्या बाजूला. वैनीचं माहेर तिथून पलीकडे, संकेश्वरकडे; आईला अव्वा म्हणणारं घर. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या अव्वानं पदराला मिरचीचं बी बांधून दिलं होतं. लांब, बारीक, सुरकुतलेली मिरची. रंग असा की चटणी वर्षभर काळी पडायची नाही. दर उन्हाळ्यात वैनी तरू टाकायची, म्हणजे रोपांचा वाफा करायची, आणि अर्धं गाव तिच्या दारात रोपांसाठी उभं राहायचं. मी तेव्हा जयसिंगपूरला हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. सुट्टीत गावी गेलो की लोक विचारायचे, "वैनी कुठं हाय?" मी कधी आलो हे कुणी विचारायचं नाही.

एकदा आमच्या मुख्याध्यापकांना मी गावी घेऊन गेलो. वाफ्याशी उभा राहून त्यांना बियाची रचना, उगवणीचं तापमान, ओलावा असं समजावून देत होतो. वैनी पाण्याची कळशी घेऊन आली, थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "भावजी, पुस्तकातली मिरची तिखट नसती की!" सगळे हसले. सगळ्यात जास्त मुख्याध्यापक हसले. वैनीच्या मनात काही नव्हतं. दीर-भावजयीची थट्टा ती. लगेच तिनं आम्हाला गरम भाकरी वाढली, आणि मी खाल्लीही.

पण ते मी धरून ठेवलं. कारण एवढंच. तुम्ही आणखी मोठं कारण शोधू नका. मी शोधून बघितलंय, वर्षानुवर्षं. नाही सापडलं.

आता मूळ गोष्टीकडे येतो. आलंच पाहिजे.

आमच्या भागातल्या बायकांची एक रीत होती — बी एका घरात ठेवायचं नाही. उंदीर लागतो, छप्पर गळतं, माणूस मरतं. एका घराचं बी गेलं तर दुसऱ्या घरानं त्यातलं निम्मं परत द्यायचं, आणि असं मागितलेलं बी कुणी नाकारायचं नाही. त्या वर्षी दिवाळीत वैनीनं राख चोळलेल्या बियाची पुरचुंडी माझ्या हातात ठेवली. "भावजी, आमच्यात उंदरं लई झाल्यात. तुमच्याकडं ऱ्हाऊ दे. तुमी जपून ठेवशीला." तिला सख्ख्या बहिणी होत्या. तरी बी तिनं माझ्याकडे दिलं.

पौषात भाऊ गेला. उभ्या उभ्या, रानात, छातीत कळ येऊन. घरात पै-पाहुणे भरले. बियासाठी आढ्याला टांगलेली मिरची कुणीतरी काढली आणि दिवसांच्या स्वयंपाकात आमटीला वापरली. कुणी विचारलं नाही, कुणाच्या ध्यानातही आलं नाही. वैनी तेव्हा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेली.

उन्हाळ्यात ती एस.टी.नं जयसिंगपूरला आली. कपाळ मोकळं. सोबत मुलगी, आठ-नऊ वर्षांची. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "भावजी, बी पायजे हुतं. निम्मं द्या, निम्मं तुमाला ऱ्हाऊ द्या. औंदा तरू टाकला न्हाय तर मी घरात बसून येडी हुईन." ऐकलंत? बाई रडायला आली नव्हती. काम मागायला आली होती. बी म्हणजे तिच्या हातातलं शेवटचं काम.

मी म्हटलं, "देतो की. जेवून घ्या आधी."

बायको आणि वैनी बाहेरच्या खोलीत बसल्या. मी स्वयंपाकघरात गेलो. डब्यातलं बी निम्मं केलं. एक वाटा फडक्यात बांधला. चहाचं आधण ठेवलं होतं, पाणी खळखळत होतं. फडकं त्यात बुडवलं आणि मनात शंभर आकडे मोजले. मग बी वर्तमानपत्रावर पसरून गच्चीवर उन्हात ठेवलं. त्यांचं जेवण, गप्पा, दुपारची पडी होईपर्यंत ते खडखडीत वाळलं. राख चोळली. मेलेलं बी आणि जिवंत बी दिसायला सारखंच असतं — हे मी पोरांना फळ्यावर शिकवत होतो. स्टँडवर जाऊन तिला गाडीत बसवलं. तिनं पुरचुंडी कमरेला खोचली आणि म्हणाली, "लई उपकार झालं, भावजी."

रागाच्या भरात झालं म्हणावं, तर तसंही नव्हतं. ऐका. त्यातल्या दहा बिया मी मागे ठेवल्या होत्या. ओल्या कापडात गुंडाळून, उगवण तपासायची जशी शाळेत दाखवतो, तशी. रोज कापड उघडून बघायचो. दहाव्या दिवशी एकाही बियाला कोंब नव्हता. माझ्याजवळ चांगलं बी होतं. एक पाकीट, एक तिकीट — तेवढ्यावर भागलं असतं. किंवा 'चुकून खराब बी दिलं' अशी एक थाप मारली असती तरी चाललं असतं. खोटं बोलून तिला वाचवता येत होतं! तेही मी केलं नाही. कापड धुऊन वाळत घातलं.

शाळेला सुट्टी लागली, गावी गेलो. वाफा तांबडा, कोरा. वैनी सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी शिंपडत होती. पोतं उचलून बघायची, परत झाकायची. गल्लीतल्या बायका येऊन बघून जायच्या. शेवटी आमच्या थोरल्या काकीनं तोंड उघडलं, सगळ्यांसमोर, अंगणात: "नवरा गेल्याली बाई बी टाकती व्हय गं? तुझ्या हातानं काय उगवंल? दुसऱ्याच्या रानाला तरी अपशकून करू नगंस."

वैनीनं माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेला. बियाला हवा, पाणी, ऊब लागते, बाकी काही लागत नाही, असं मुलांना सांगणारा. अपशकून हा शब्द वर्गात कुणी काढला तर त्याला बाकावर उभा करणारा. तिला वाटलं, हा बोलेल.

मी चपला काढून वाफ्यात उतरलो. म्हटलं, बघू या, माझ्याकडचं टाकून बघतो. त्याच वाफ्यात, त्याच मातीत, सगळ्यांच्या देखत मी जिवंत बी टाकलं. अकराव्या दिवशी वाफा हिरवागार. काकी म्हणाली, "मास्तराच्या हाताला गुण हाय बाई!" आणि गावानं मान डोलावली.

कळतंय ना तुम्हाला मी काय केलं? एवढ्यानं भागलं असतं तर गोष्ट वेगळी होती. मी पुरावा दिला. काकीच्या अंधश्रद्धेला शाळेतल्या प्रयोगासारखा पुरावा दिला — जमीन तीच, पाणी तेच, बी त्याच पिढीचं, बदलला फक्त हात. माझा राग त्या काकीवर निघत नाही. तिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.

रोपं वर आलेली बघून वैनीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आनंदाचं होतं. अव्वाचं बी वाचलं म्हणून! मला म्हणाली, "बरं झालं, तुमच्याकडं ठेवलं हुतं." त्यानंतर तिनं आयुष्यात एकही बी मातीत टाकलं नाही. मिरची नाही, कोथिंबीर नाही. भांगलायला जायची, तोडायला जायची, शेणघाण काढायची. पेरणीच्या दिवशी मात्र घरात बसायची. कुणी 'बस' म्हणायची वाट पाहायची नाही. लेकीच्या लग्नात ओटी भरायची वेळ आली तेव्हाही स्वतःहून मागे सरली. माणसं म्हणायची, मालन समजूतदार.

तरू मी टाकू लागलो. निवृत्तीनंतर बी घेऊन कोल्हापुरात आलो, गच्चीवर कुंड्या मांडल्या. आता लोक त्याला 'सरांची मिरची' म्हणतात. बिया पाकिटातून बेळगावला जातात, पुण्याला जातात, आणि पाकिटावर नाव माझं. अव्वाचं नाव तर मला माहीतही नाही. कधी विचारलंच नाही.

सांगायला मी गेलो नव्हतो असं नाही. बायको वारल्यावर गेलो, वैनी माझ्याच डोळ्याला पदर लावत बसली. एकदा डोळ्याच्या ऑपरेशनला तिला दवाखान्यात नेलं. बाकावर दोन तास आम्ही दोघंच होतो. काय बोललो? पावसाबद्दल बोललो.

शेवटची भेट गेल्या उन्हाळ्यातली. ती लेकीकडे राहायची, हातकणंगल्याला. लेक, हो, तीच, आता नातवंडं झालेली, पडवीत ट्रे भरत होती. मीच पाठवलेलं बी. वैनी शेजारी खुर्चीवर, दोन्ही हात पदराखाली. मी म्हटलं, "वैनी, चार दाणे टाका की." लेकच म्हणाली, "आई न्हाय हात लावत, काका. तुमाला म्हाईत हाय की." वैनी हसली. लेक पाणी आणायला आत गेली तेव्हा तिनं मला हळूच विचारलं. नव्वदीला टेकलेली बाई, आवाज लहान पोरीसारखा. "भावजी, तुमी शिकल्यालं हाय. खरं सांगा. माणसाच्या हातात असं काय असतंय का वो?"

म्हणजे पन्नास वर्षांनंतरही तिला पुरतं पटलेलं नव्हतं. आत कुठेतरी ती भांडत होती. एकटी. आणि भांडण सोडवायला तिनं मलाच पंच नेमलं.

मी काय म्हणालो? म्हणालो, "जाऊ दे वैनी, जुन्या गोष्टी कशाला काढायच्या."

तिनं मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ मला ठाऊक आहे. तिला उत्तर मिळालं होतं. हात वाईटच, फक्त दीर भला म्हणून तोंडावर म्हणत नाही — हे ते उत्तर. तेच घेऊन ती थंडीत गेली.

लेक हे वाचेल. तिनं माझ्याशी बोलावं की थुंकावं, ते तिनं ठरवावं. मला त्यावर काही म्हणायचं नाही.

हातकणंगल्याला जाताना त्या दिवशी गाडीत मी दोनच वाक्यं घोकत गेलो होतो. क्षमा वगैरे शब्द त्यात घातलाच नव्हता. तो मागायचा हक्क नाही हे तेवढं कळत होतं. तिनं विचारलं तेव्हा ती दोन वाक्यं जिभेवर होती, लेक अजून आतच होती, आणि वैनी माझ्या तोंडाकडे बघत होती. फक्त म्हणायची होती:

वैनी, हात तुमचा चांगला हुता. बी मी मारलं हुतं.