मानेखालचा पंजा

दुर्गाघाटाच्या पायऱ्यांवर मी दर रविवारी सकाळी ज्याच्याकडून मालिश करून घेतो, त्याचं नाव सहा वर्षांत विचारलेलं नाही. त्याच्यासाठी मीही नुसता बँकवाले बाबूजी.

तेलाच्या बाटलीला टेकवलेल्या त्याच्या मोबाइलवर कुस्ती चालू असते. झगमगाटातली, आधीच निकाल ठरलेली. तो दोनच कंपन्यांच्या लढती बघतो, एक अमेरिकेतली, एक जपानमधली. अमेरिकेवाले निम्मा वेळ माइक घेऊन भांडतात आणि पडतानाही कॅमेरा शोधतात, ही त्याची तक्रार. जपानवाले बोलत नाहीत, पण छातीवर मारलेली त्यांची चपराक घाटभर ऐकू येते. मला या विषयाचा कंटाळा आहे, पण पालथ्या पडलेल्या माणसाला वाद घालता येत नाही.

एकदा मात्र मी म्हणालो, "दोनों नकली ही तो हैं!"

त्याचा हात थांबला. त्याने लढत मागे नेली आणि मोबाइल माझ्यासमोर धरला. एका पैलवानाने दुसऱ्याला उचलून आपटलं, आणि आपटता आपटता त्याच्या मानेखाली आपला पंजा घातला.

"हाथ देखिए, बाबूजी. दोनों कंपनी में रखते हैं. बस इतना ही एक-सा है."

मग तेल हातावर घेत म्हणाला, "हम उस पार रामनगर में असली लड़े थे. हमने हाथ नहीं रखा था."

मालिश संपल्यावर मला उताणं करून उठवताना त्याने नेहमीप्रमाणे आधी माझ्या मानेखाली पंजा घातला. इतकी वर्षं मला तो मालिशचाच भाग वाटत होता.