हक्काचं मत

शिवणकाम करणाऱ्या एका बाईला गल्लीत सगळे पुढारीणबाई म्हणत. गल्लीत दवाखाना आला तो तिच्या आणि दादांच्या धडपडीने. दादा तिचे चळवळीतले जुने सोबती. मोर्चावर काठ्या पडल्या तेव्हा तिच्या डोक्यावरचा तडाखा त्यांनी आपल्या हातावर झेलला. ती कोठडीत असताना तिचं तान्हं लेकरू त्यांच्या बायकोने अंगावर पाजलं.

याच दादांनी निवडून आल्यावर दवाखान्यातली बाळंतपणाची खोली बंद केली आणि मेहुण्याला गोदामासाठी देऊन टाकली. जिथे पोरं जन्माला आली, तिथे आता सिमेंटची पोती. शी! पुढारीणबाईला शिसारी आली.

यंदा त्यांच्याविरुद्ध दवाखान्यातली सिस्टर उभी राहिली. खोली परत उघडीन, एवढंच तिचं म्हणणं.

"आई, या वेळी तरी सिस्टरला द्या," सून म्हणाली.

"खाल्ल्या मिठाला जागावं माणसानं."

"मीठ त्यांच्या बायकोचं होतं. उभे ते राहिलेत."

पोरगी बोलली ते खोटं नव्हतं. मग पुढारीणबाईने ठरवलं, दादा मत मागायला दारात आले की खोलीचं तोंडावर विचारायचं. सरळ उत्तर मिळालं नाही तर मत सिस्टरला.

दादा आले. दारोदार हात जोडत, ज्यांचं नावही ठाऊक नाही त्यांना मिठ्या मारत आले. आणि तिचं दार सोडून पुढे गेले.

"दादा, मी राहिले की!"

"तुमच्याकडे काय मागायचं बाई? तुम्ही कुठं जाताय!" ते हसले. मागची खुशमस्कऱ्यांची टोळीही दात काढून हसली. विचारायचं ते तिच्या ओठांवरच राहिलं.

मतदानाच्या दिवशी तिचं बोट सिस्टरच्या चिन्हावर गेलं होतं. तेवढ्यात काठी झेलून सुजलेला दादांचा तो हात आठवला, आणि बोट खाली दादांच्या चिन्हावर सरकलं. बाहेर आल्यावर तिला स्वतःचीच किळस आली. रात्री ती जेवली नाही.

दादा निवडून आले. सिस्टर पडली ती सपशेल. दुसऱ्याच दिवशी ती पुढारीणबाईच्या दारात आली, डोळे सुजलेले.

"मावशी, लोक माझ्याशी गोड बोलले आणि मत त्यांना देऊन आले. पण तुमचं मत मला पडलं, हे मला ठाऊक आहे. पडलं ना?"

"हो," पुढारीणबाई पुटपुटली.

"काय म्हणालात?"

"हो गं बाई, तुलाच दिलं," ती मोठ्याने म्हणाली. सिस्टर वाकून तिच्या पाया पडली.