जास्तीची खीर

लग्न होऊन मी दिग्रसजवळच्या त्या गावी आले, तेव्हा आमच्या वस्तीने धम्मदीक्षा घेऊन चार-पाच वर्षं झाली होती. संध्याकाळी वंदनेला सगळे जमायचे आणि पुस्तिका धरून वाचायची ती माझी सासू, आमच्या आत्याबाई. सासऱ्यांनी नागपूरहून आणलेली ती पुस्तिका. ते गेले आणि वाचायचा मान आत्याबाईंकडे आला. काय खणखणीत आवाज तो! मी चौथी पास, तरी माझी छाती दडपायची.

एकदा मी त्यांच्या मागेच बसले होते, म्हणून दिसलं. पान संपलं तरी उलटायचं राहिलं, मग एकदम दोन पानं उलटली. मायबाई! बाईला अक्षरओळखच नव्हती. सासरे वाचायचे ते ऐकून ऐकून सगळं तोंडपाठ! हे फक्त मलाच कळलंय, या धास्तीने मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

पुढे पुसदहून एक गुरुजी आले. नवीकोरी, वेगळीच पुस्तिका आत्याबाईंच्या हातात देऊन म्हणाले, "आई, पहिलं पान तुम्हीच वाचा." आत्याबाईंनी पुस्तिका उघडली, मिटली, पुन्हा उघडली. आता सगळ्यांदेखत नवऱ्यामागचा तो मान जाणार! 'त्यांचे डोळे आलेत' असं मी म्हणणार, तेवढ्यात शेजारची काकू बोलली, "त्यायचा घसा बसला जी." त्याच दमात मागून एक म्हातारबुवा, "सकाळपासून डोकं दुखून राह्यलं त्यायचं." एकीने तर मांडीवरच्या लेकराला चिमटाच काढला. त्याने असा टाहो फोडला की गुरुजींनी मुकाट्याने स्वतःच वाचलं.

मी थक्क झाले. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं! आणि जो तो माझ्यासारखाच, आपण एकटेच झाकतोय असं समजून बसलेला. अख्ख्या वस्तीला माहीत असलेली गोष्ट वस्तीत कोणालाच माहीत नव्हती.

घरी आल्यावर आत्याबाई चुलीपाशी बसल्या. "पोरी, मले शिकव. पण कोणाले सांगू नोको."

"नाही सांगत," म्हटलं. सांगायला उरलं होतं कोण!

रोज दुपारी दार लोटून आमची शिकवणी चालायची. सहा महिने त्या वेळात विस्तव मागायलासुद्धा कोणी आलं नाही. पोरं अंगणात खेळायला आली की काकू त्यांना हाकलून लावायची.

मग एका संध्याकाळी आत्याबाईंनी ती नवी पुस्तिका उघडली. अक्षराखाली बोट धरून, अडखळत, थांबत, घामाघूम होत पहिलं पान वाचलं. इतकी वर्षं न अडखळणारी बाई अडखळली, तेव्हाच सगळ्यांना कळलं की आज ती खरंच वाचतेय. पण शाबासकी द्यायची कशी? दिली, तर आधीचं ठाऊक होतं हे कबूल करावं लागणार.

घरी पोचतो तोच काकू वाटीभर खीर घेऊन आली. "सहजच केलती. जास्तीची झाली." ती जाते न जाते तोच दुसरी आली. मग म्हातारबुवांची सून. चुलीपाशी पाच वाट्या झाल्या.

आत्याबाई त्या वाट्यांकडे बघत राहिल्या. "आज साऱ्यायच्याच घरी खीर जास्तीची झाली काहून वं?"

"काय माहीत, आत्याबाई."

"मलेबी माहीत नाई," त्या म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसत पहिली वाटी त्यांनी माझ्यापुढे सरकवली.