पायरी बायकोच्या मापाची

पंधरवड्यामागचा मंगळवार. सोलापुरात बाजाराचा दिवस... आणि मी हातातलं काम टाकून मोटार स्टँडवर एका खांबाआड उभा होतो. कुणाचं तरी वाईट व्हावं म्हणून माणूस असाही उभा राहू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

आधी मी कोण ते सांगतो. मी सुतार. वडील बैलगाड्या करायचे, मी मोटारी करतो... म्हणजे इंजिन आणि सांगाडा विलायतेतून येतो, त्यावरची बॉडी आम्ही भवानी पेठेतल्या वर्कशॉपात चढवतो. सागवानी चौकट, वर पत्रा, आत बाकडी. अर्धी मोटार साहेबाची, अर्धी आमची. पण लोक बसतात ते आमच्या अर्ध्यात, हे मी ज्याला त्याला ऐकवत असतो.

आमच्या मालकांच्या अक्कलकोट रस्त्यावर उतारू नेणाऱ्या तीन सर्व्हिस मोटारी चालतात. तिन्ही आमच्या हातच्या. आश्विन लागला आणि मालकांनी चौथी आणली... ही मात्र विलायतेतूनच बॉडीसकट तयार होऊन आलेली. चकचकीत, सगळी लोखंडी, काचेच्या खिडक्या. डोक्यावर खादीची टोपी घालणारे आमचे मालक, पण नव्या जावयाभोवती सासरा फिरावा तसे तिच्याभोवती फिरत होते.

आमचा मजुरीचा रोज वर्षापूर्वीच कापला होता. आता मालकांनी आम्हा सात जणांना बोलावलं आणि सांगितलं, ही मोटार चालली तर पुढच्याही अशाच तयार घेईन, तुमचं काम दिवाळीपर्यंत. माणूस वाईट नाही... सांगताना खाली बघत होते. पण खाली बघून सांगितलं म्हणून चूल पेटत नाही.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "दिवाळीचं दिवाळीला बघू. तुमी आदी जेवा." मला रागच आला. थोडी रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

म्हणून त्या मंगळवारी, नवी मोटार पहिल्यांदा सुटणार होती तेव्हा, मी खांबाआड. मनात एकच... ही चालू नये.

आणि देवानं ऐकलं की. बाजार करून परतणाऱ्या बायका डोक्यावर पाट्या घेऊन आल्या, दारापाशी थांबल्या आणि एकमेकींकडं बघायला लागल्या. पायरी इतकी उंच, की चढायचं तर लुगडं गुडघ्याच्या वर जाणार. पुरुष चढले धडाधड. क्लीनरनं हात पुढं केला... पण भर स्टँडवर परक्या पुरुषाचा हात कोण धरणार.

एक म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आरं, ही मोटार हाय का माळा? शिडी तरी लावा की." सगळ्या हसल्या आणि मागून येणाऱ्या आमच्या जुन्या मोटारीची वाट बघत खाली बसल्या. मीही खांबाआड हसलो. लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण त्या म्हातारीला थांबायला सवड नव्हती. घरी लेक बाळंत झालेली. तिनं दांडा धरला, पाय वर टाकला... आणि लुगड्यात अडकून खाली आली. गुडघा फुटला. लेकीसाठी घेतलेला डिंक आणि खोबरं मातीत सांडलं.

माझं हसू कुठल्या कुठं गेलं. सकाळपासून मी मागत होतो ते हेच की... स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. वर्कशॉप जवळच. धावत गेलो, खिळ्यांचं रिकामं खोकं आणलं आणि दाराखाली उपडं घातलं. म्हातारी चढली. मग बाकीच्याही एकेक करून चढल्या, मोटार गच्च भरली. खोकं आत टाकलं, उतरायला लागेल म्हणून. मोटार सुटली आणि मग उमगलं, की आपल्या ताटातली भाकरी आपणच तिला वाढली.

मालक मागं उभे होते. सगळं बघितलं होतं त्यांनी. म्हणाले, "मिस्त्री, आपल्या मोटारीत ह्या बायका बिनबोभाट चढतात. ते माप कुठनं आणलंस?"

खरं तेच सांगितलं. पहिली मोटार बांधत होतो तेव्हा हौसेनं बायकोला दाखवायला नेली होती, पायरी उंच म्हणून ती मोटारीच्या दारातूनच परत फिरली. मग घरी तिला भिंतीपाशी उभं केलं, लुगडं न उचलता पाय किती वर जातो ते बघितलं आणि कोळशानं रेघ मारली. तेव्हापासून तीच पायरी.

मालक म्हणाले, "विलायतेत तुझी बायको नव्हती, तिथंच चुकलं."

दुसऱ्या दिवशी नव्या मोटारीला पायरी बसवायचं काम आमच्याकडंच आलं. आणि पाचवी मोटार नुसता सांगाडा मागवायची ठरली, बॉडी इथं... सातही जण कामावर. कापलेला रोज काही परत मिळाला नाही. तो मागायचा आहेच, आणि सातजण मिळून मागणार आहोत.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, खांबाआडच्या हसण्यासकट. ती म्हणाली, "मग अर्धा पगार माझा की वो."

परवा तिनं दिवाळीचा चुना लावला. माझी जुनी रेघ मागच्याच कुठल्या तरी चुन्याखाली गेलेली. संध्याकाळी घरी येऊन बघतो तर पांढऱ्या शुभ्र भिंतीवर कोळशाची नवी रेघ... मापाची काठी लावून बघितली, जुन्या मापापेक्षा दोन बोटं खाली.

मी काही विचारायच्या आत भाकरी थापता थापता तीच म्हणाली, "गुडघे आता पयल्यावानी राहिले न्हाईत. पाचवीची पायरी जरा खाली घ्या."

घेणार आहे.