साध्या नळ्यांतल्या गाठी

अक्षराला संशय घ्यायला तिच्या अप्पांनीच शिकवलं होतं. लातूरच्या बाजारात चन्नबसप्पांची अडत होती. तुरीचं पोतं उघडलं की ते पोरीला म्हणायचे, "वरचं बघू नको. कोपरापर्यंत हात घाल." ती हात घालायची आणि खालच्या मुठीत बऱ्याचदा खडे निघायचे.

ती बारावीत असताना तिची अव्वा, म्हणजे आई, सिद्धम्मा, गेली. पायावर गळू झाल्याचं निमित्त. जंतू रक्तात शिरले, रक्ताच्या गाठी फुफ्फुसात जाऊन बसल्या आणि आठवड्याच्या आत सगळं संपलं. गल्लीतले म्हणाले, देवाची मर्जी. अक्षराला ते कधी पटलं नाही. एवढ्याशा गळवानं माणूस जातंच कसं?

हाच प्रश्न घेऊन ती डॉक्टर झाली आणि पुढं नांदेडला, विष्णुपुरीजवळच्या एका प्रयोगशाळेत संशोधनाला लागली. काही जंतू आपल्याभोवतीचं रक्त गोठवतात आणि त्या गाठीच्या आड लपतात. मग शरीराच्या पांढऱ्या पेशींना ते सापडत नाहीत. त्यांना तिथून बाहेर कसं काढायचं, हे तिचं काम. निरोगी माणसांच्या रक्तातला पिवळसर प्लाझ्मा, न गोठण्याचं औषध घालून, नळ्यांत भरायचा. काही नळ्यांत जंतू सोडायचे, काही साध्याच ठेवायच्या. जंतूंच्या नळ्या गोठायच्या आणि साध्या पातळ राहायच्या.

मग एका सकाळी साध्या नळ्यांतही गाठी दिसल्या.

पहिल्या वेळी तिनं सोडून दिलं. पुन्हा तसंच झालं तेव्हा तिची नजर शेषेरावांवर गेली. शेषेराव अर्धापूरचे, प्रयोगशाळेतले जुने मदतनीस. सगळे त्यांना मामा म्हणत. नळ्या तेच भरायचे. शेतातल्या केळीच्या कटिंगसाठी, घड उतरवायला, त्यांनी सुट्टी मागितली होती आणि अक्षरानं ती दिली नव्हती. तेव्हा ते दारातून काहीतरी पुटपुटत गेले होते. आता ते पुटपुटणं तिच्या कानात घुमायला लागलं. ती दाराच्या काचेतून त्यांच्या हाताकडं बघत राहायची. ते फोन घेऊन बाहेर गेले तरी तिला वाटायचं, कोणाशी बोलत असतील?

शेवटी तिनं फ्रिज कुलपात ठेवायचं ठरवलं.

"मामा, आजपासून नळ्या मीच भरत जाईन. तुमच्याकडची फ्रिजची चावी द्या."

शेषेरावांनी चावी काढून टेबलावर ठेवली. "काय चुकलं का मॅडम?"

"न्हाई. सहजच."

त्या दिवसापासून नळ्यांना तिच्याशिवाय कोणाचा हात लागला नाही. आणि तिसऱ्या दिवशी एकूण एक साधी नळी गोठली. नळी उलटी केली तरी आतलं हलेना.

त्यांनी दुसरी चावी करून घेतली असणार, असं मनाशी ठरवून ती विभागप्रमुख शिल्पा मॅडमकडं गेली. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"आता नळ्या कोण भरतं?"

"मीच."

"आधी थोड्याच गोठायच्या, तू भरायला लागल्यावर सगळ्याच. आणि संशय शेषेरावांवर?"

मॅडमनी प्रयोगशाळेतल्या सगळ्यांच्या नाकातले नमुने घेऊन जंतू वाढवायच्या काचेच्या बशांत ठेवायला लावले, स्वतःचासुद्धा. दोन दिवसांनी शेषेरावांची बशी स्वच्छ निघाली. अक्षराच्या बशीत सोनेरी ठिपके दाटले होते. रक्त गोठवणारा तोच जंतू. कित्येक निरोगी माणसांच्या नाकात तो निमूट राहतो. चष्म्यावर वाफ धरते म्हणून ती मास्क नाकाखाली ओढायची आणि नळ्यांवर वाकून बघायची. तपासणीत साध्या नळ्यांतला जंतूही तिचाच निघाला.

त्या संध्याकाळी तिला जेवण गेलं नाही. अव्वाचं गळू ती रोज स्वतःच्या हातानं धूत होती. हा जंतू तेव्हाही तिच्याजवळ होता का? तपासायला आता काहीच उरलं नव्हतं. तिनं अप्पांना फोन लावला, पण विचारलं फक्त जेवणाखाण्याचं.

दुसऱ्या दिवशी ती शेषेरावांसमोर उभी राहिली. "मामा, जंतू माझ्याकडूनच जात होता. मी तुमच्यावर संशय घेतला. माफ करा."

शेषेराव काचेची भांडी पुसत होते. "मला कळलं होतं मॅडम. तुम्ही काचेतून बघून राहिल्या होत्या. पण तोंडानं विचारलं असतं तर लई बरं झालं असतं."

तिनं चावी पुढं केली. त्यांनी ती घेतली नाही.

जंतू मारायला नाकात लावायचं मलम ठरल्या दिवसांपर्यंत लावून झालं, मास्क वर चढला आणि साध्या नळ्या पुन्हा पातळ राहायला लागल्या. काम पुढं सरकलं. शेषेराव परत नळ्या भरायला लागले, पण एका अटीवर. ते भरत असताना अक्षरानं शेजारी उभं राहून बघायचं.

"उद्या काय गोठलं तर तुमच्या डोळ्यासमोरच गोठलेलं असू द्या," ते म्हणाले.

ती रोज उभी राहते. ते मान वर करून बघत नाहीत.