डावी वहाण

मंचरच्या पेठेतल्या कस्तुरबाई ही हकिकत पुढे हसत हसत सांगत. ती घडत होती तेव्हा मात्र हसण्याजोगं काही नव्हतं.

नवऱ्यामागे किराण्याचं दुकान त्यांनी एकहाती चालवलं. चढ्या आवाजात बोलणाऱ्या गिऱ्हाइकाकडे त्या तराजूवरून नुसती नजर उचलत, की त्याचा आवाज आपोआप उतरे. भय असं त्यांना एकाच गोष्टीचं होतं. त्यांचा भाऊ इंदरचंद ऐन विशीत अबोल झाला. मग आकाश म्हणजे काय, काळ म्हणजे काय, असं जैन साधू उतरतात त्या स्थानकातल्या महाराजांना विचारू लागला. आणि एका सकाळी वहाणा उंबऱ्यापाशी ठेवून अनवाणी दीक्षेला निघून गेला. लोकांनी घराण्याला धन्य म्हटलं. कस्तुरबाईंनीही हात जोडले. पण त्यांच्या आईने त्या वहाणा जन्मभर तिथून हलवू दिल्या नाहीत.

महायुद्ध संपल्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात त्यांचा एकुलता मुलगा रूपचंद पुण्याच्या कॉलेजातून घरी आला, तो असाच अबोल होऊन. ताटातली भाकरी निवून जाई, तरी याचं लक्ष आढ्याच्या कोपऱ्याकडे. त्या घरात आईला बाईच म्हणत. एकदा त्याने विचारलं, "बाई, काळ म्हणजे काय गं?" कस्तुरबाईंच्या हातून पळी निसटली. चातुर्मासामुळे महाराज गावातच होते. रूपचंद रोज दुपारी स्थानकात जाऊन आकाश आणि काळ या दोन द्रव्यांविषयी त्यांना विचारत बसे.

त्यातच सोनबा धनगर मीठ न्यायला आला आणि त्याने नवीच बातमी दिली.

"बाई, तुमचं पोरगं लई गुणाचं, पन जरा भिरभिरलंय. मला इचारतं, सोनबा, तुमचा मेंढरांचा वाडा कुठं हाय? म्या म्हनलं, कवा? आज निमगावला हाय, पुढचं मेंढरांना इचारा. तर राव, घबाड घावल्यागत टाळ्याच पिटाया लागलं."

सोनबा हसला. कस्तुरबाईंना मात्र वाटलं, मुलगा आता फिरत्या लोकांकडून वाटा माहीत करून घेतो आहे.

दुसऱ्या दिवशी रूपचंद अनवाणीच स्थानकात गेला. त्याच्या खोलीत त्यांना पुस्तकांवर ठेवलेली डावी वहाण दिसली. भोवती कागदातून कापलेले तळवे पडले होते. ती वहाण मांडीवर घेऊन त्या त्याची वाट पाहत बसल्या. तो आला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "मला सांगून जाशील, की मामासारखा न सांगता?"

"कुठे?"

"दीक्षेला."

रूपचंद क्षणभर आईकडे, मग आपल्या उघड्या पायांकडे पाहत राहिला. सगळा उलगडा त्याला एकदमच झाला असावा. "दीक्षा नाही, बाई, गणित," म्हणत तो त्यांच्याजवळ जमिनीवर बसला. पाटावर कागदाचा डावा तळवा ठेवून म्हणाला की हा कितीही सरकवला, फिरवला, तरी उजवा होत नाही. पण पाटावरून उचलून पालथा घातला की झाला उजवा. कागदाला ही वरची दिशा मिळाली, तशी लांबी, रुंदी, उंचीपलीकडची चौथी दिशा आपल्याला मिळाली असती, तर ही डावी वहाणही पालटून उजवी झाली असती. ती दिशा गणितातलीच. प्रत्यक्ष जगात चौथी दिशा म्हणून धरतात तो काळ. त्यात वहाण पालटत नाही. पण नवं शास्त्र म्हणतं की जागा आणि काळ वेगळे काढता येत नाहीत. उभ्या माणसाचं 'आत्ता' आणि अतिवेगाने धावणाऱ्याचं 'आत्ता' एकच असेल असंही नाही. शेवटचं वाक्य आपल्यालाच अजून नीट पचलेलं नाही, हेही त्याने कबूल केलं.

"म्हणून सोनबाला विचारत होतास?"

"'कुठे' विचारलं की 'कधी' सांगावंच लागतं, हे त्याच्या तोंडून सहज निघालं. मला दोन महिने पुस्तकात तेच सापडत नव्हतं."

कस्तुरबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग ती वहाण त्याच्या पायापुढे ठेवली.

"आधी ही पायात घाल."

त्याने घातली. त्या उठल्या. चुलीकडे जाता जाता दारात थांबून त्यांनी मागे पाहिलं. जुन्नरच्या रुक्मिणीबाईंच्या मुलीचं स्थळ त्यांनी भीतीपोटी आठ दिवस उत्तर न देता तसंच ठेवलं होतं.

"मांडव आपल्याच दारात पडेल," त्या म्हणाल्या. "कुठे, ते ठरलं. कधी, तेवढं तू सांग."