पेटीच्या किल्लीचे दोन ठसे

लक्ष्मीची पावलं म्हणे! मी ओट्याशी उभी राहून मोबाइलवर तो व्हिडिओ बघत होते आणि तव्यावरची पोळी जळून कोळसा झाली तरी मला पत्ता नव्हता. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई गोड हसत सांगत होत्या, "ही आमच्या घरातली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. प्रत्येक करंजीवर दोन ठसे उमटवायचे. ही लक्ष्मीची पावलं. यानं घरात भरभराट राहते." खाली लोकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली होती. आपली संस्कृती किती थोर, असंही कुणीतरी लिहिलं होतं.

संस्कृती! ते ठसे माझ्या मायच्या पत्र्याच्या पेटीच्या किल्लीचे होते.

नीट सांगते, म्हणजे मी उगाच चिडलेली नाही हे कळेल. माय शाळेच्या फाटकापाशी जांबांची पाटी घेऊन बसायची. पुण्याकडं ज्याला पेरू म्हणतात त्याला आमच्याकडं जांब म्हणतात. दौलताबादच्या बाजूनं माल यायचा. पोरांना कडक जांब लागायचे, त्यामुळं मऊ पडलेले संध्याकाळी पाटीच्या तळाशी उरायचे. ते टाकून द्यायला मायचा जीव होत नसे. ती ते शिजवायची, बिया दातांत अडकू नयेत म्हणून जुन्या पातळाच्या फडक्यातून गाळायची आणि गूळ, बडीशेप घालून सारण आटवायची. मैद्याच्या पारीला डालड्याचा साटा लावून घड्या घालायची, मग त्यात सारण भरून करंजीसारखं मुडपायची. तळायला लागणारं तेल आमच्या घरात कुठून येणार? म्हणून ती करंज्या घेऊन गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बेकरीत जायची.

बेकरीच्या मालकांना आम्ही सगळी पोरं चाचा म्हणायचो. जुन्या शहरातल्या लोकांना ही रीत सांगावी लागत नाही. दिवाळी किंवा ईद जवळ आली की घरोघरचा मैदा, तूप, साखर बेकरीत जायची आणि तिथल्या भट्टीत ज्याची त्याची नानकटाई भाजून मिळायची. भाजायचे पत्रे बेकरीचे आणि सगळे सारखेच काळे. मग कुणाचा माल कुठला हे ओळखायचं कसं? त्यासाठी प्रत्येक घराची खूण असायची. कुणी काट्याच्या चमच्यानं टोचायचं, कुणी बाटलीचं झाकण दाबायचं, कुणी बांगडीचा काठ उमटवायचं. मायनं पेटीची किल्ली उकळून घेतली आणि तिचं तीन पाकळ्यांचं डोकं कच्च्या करंजीवर दाबलं.

पहिल्याच वेळी चाचांनी हटकलं. हिमरू विणणाऱ्यांच्या घरातल्या एक बाई आधीपासून किल्लीच ठसवायच्या. चाचा म्हणाले, "निशान उनो पहले से मारते, बाई. तुमे बाद में आए, तुमे दो मारो."

माय "व्हय" म्हणाली आणि पुढच्या खेपेपासून तिनं दोन ठसे मारले, शेजारीशेजारी. भांडण नाही, रुसवा नाही. मागून येणाऱ्यानं आपली खूण बदलायची, एवढा साधा कायदा होता तो आणि तो सगळी गल्ली पाळायची. एकदा हिमरूवाल्यांच्या बाईंनी घाईत आमच्या पत्र्याला हात घातला. दोन ठसे दिसले तशी त्यांनी तो पत्रा मायकडं सरकवला. कुणाला काही बोलावं लागलं नाही.

आता मी गारखेड्यात राहते. नवरा शेंद्र्याच्या कंपनीत आहे, माय बिडकीनला भावाकडं असते आणि हिवाळ्यात महिनाभर माझ्याकडं येते. पेटी कधीच भंगारात गेली, पण किल्ली माझ्या घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अजून लटकते आहे. जांब आले की मी माझ्या छोट्या ओव्हनमध्ये त्याच करंज्या भाजते आणि त्याच किल्लीचे दोन ठसे मारते. खरं तर ओव्हनमध्ये माझ्या एकटीचाच माल असतो, तिथं खुणेची काही गरज नाही. पण ठशांशिवाय करंजी आत सारायला हात धजत नाही.

तर या समोरच्या बाई. वासानं ओढल्या गेल्यासारख्या आल्या, चव घेतली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "ताई, हे मला शिकवाच." मी शिकवलं. मला तेव्हा बरंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. मी त्यांना जांब गाळून दाखवले, माय सांगितली, पाटी सांगितली, चाचांची भट्टी सांगितली आणि दोन ठशांचं कारणही सांगितलं. त्या मान डोलावत मोबाइल धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "फक्त हात घेते हं, आठवणीसाठी."

त्या व्हिडिओत गाळतानाचे हात माझे आहेत. माझ्या मनगटावरचा चटक्याचा डाग स्पष्ट दिसतो. तोंड मात्र त्यांचं, आणि रीतही त्यांच्या पिढ्यांची!

मी तडक त्यांच्या दारात गेले. त्यांना जराही ओशाळल्यासारखं झालं नाही. "अहो ताई, रेसिपीवर काय कुणाचं नाव असतं? करंजी तर सगळ्यांचीच," त्या म्हणाल्या.

"करंजी सगळ्यांची. पण ठसे?"

"ते मी जरा छान करून सांगितलं. किल्ली म्हटलं की लोकांना काही वाटत नाही हो. आणि ती पाटी, मऊ पडलेले पेरू, बेकरीची भट्टी... ऐकायला कसंतरीच वाटतं ना. तुमच्याकडं लक्ष्मी वगैरे नसते हे माहितीये मला, पण आमच्याकडं चालतं."

कसंतरीच! आम्ही बौद्ध आहोत हे त्यांना माहीत आहे, आमच्या दारातून आत डोकावलं की बुद्धाची तसबीर दिसते. म्हणजे करंजी घ्यायची, ठसे घ्यायचे, माझे हातसुद्धा घ्यायचे आणि ज्या बाईनं ती करंजी केली तिला कसंतरीच वाटतं म्हणून बाहेर ठेवायचं. मी पाठ फिरवून परत आले, कारण थांबले असते तर शिव्याच दिल्या असत्या.

नवरा म्हणाला, "जाऊ दे." बहिणीला फोन केला, तीही म्हणाली, "जाऊ दे गं." या दोन शब्दांचा मला वीट आला आहे. नेहमी आमचंच का जाऊ द्यायचं? मला नाव नको होतं, व्हिडिओ नको होता, कुणाचे जोडलेले हात नको होते. माय जिवंत असताना तिची वस्तू तिच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याची होऊ नये, एवढंच मला हवं होतं. नेमकी त्याच दिवसांत ती माझ्याकडं आली होती. तिला मी यातलं काहीच सांगितलं नाही. काय सांगणार होते? आणि तीसुद्धा जाऊ दे म्हणाली असती तर माझ्याकडं काय उरलं असतं?

सव्वीस जानेवारीला आमच्या सोसायटीत झेंडावंदन झालं की खाली मंडपात सगळे मिळून खातात. प्रत्येक घरानं एक पदार्थ आणायचा. ग्रुपवर मी लिहिलं, "जांबाच्या करंज्या." लगेच उत्तर आलं की पेरूच्या पारंपरिक करंज्या समोरच्या बाई आणणार आहेत, एकच पदार्थ दोनदा नको, तर तुम्ही चिवडा आणाल का? पुढं हसरा चेहरा. तो हसरा चेहरा बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरीही मी चिवडा केला. कांद्याचं भान राहिलं नाही, तो करपला आणि मी तो तसाच नेला.

झेंडावंदन झालं. माय इस्त्रीचं पांढरं पातळ नेसून, काठी टेकत माझ्यासोबत टेबलापाशी आली. बायका ताटांवरची फडकी काढत होत्या. समोरच्या बाईंनी आपल्या ताटावरची जाळी उचलली आणि दोघीतिघी फोटो काढायला पुढं झाल्या. "लक्ष्मीची पावलं बघा किती सुबक उमटलीत," एक जण म्हणाली.

मायनं ते ताट पाहिलं. तिनं काठी माझ्याकडं दिली, पुढं झाली आणि दोन्ही हातांनी ताट आपल्याकडं ओढलं. अगदी भट्टीवर ओढायची तसं.

"हे आपलं हाय," ती मला म्हणाली. "तू तर चिवडा म्हनली व्हतीस?"

समोरच्या बाई हसल्या. "आजी, ते माझं ताट आहे. मी केल्यात त्या."

"तू केल्या?" मायनं एक करंजी उचलून डोळ्यांजवळ धरली. "मंग ह्यो ठसा कसा काय?"

"ती लक्ष्मीची पावलं आहेत आजी. आमच्याकडची रीत आहे."

मायनं माझ्यापुढं हात केला. मी जुडगं तिच्या हातात ठेवलं. तिनं पेटीची किल्ली निवडून त्या ठशावर धरली. ठसा किल्लीपेक्षा लहान होता. बाईंनी त्यांच्या कुठल्यातरी कपाटाची किल्ली वापरली असणार.

"कसली पावलं? किल्ली हाय ही," माय म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग सगळा माझ्याकडं होता. "म्या इतकी वर्सं दोन ठसे मारले. लक्ष्मी काय आली नाय, बाई. जांबच आले."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. समोरच्या बाईंचा चेहरा पडला. मला आत कुठंतरी गार वाटलं हे खरं, पण माय तिथं थांबली नाही. ती त्यांना समजावून सांगत होती, नव्या सुनेला गल्लीची रीत सांगावी तसं. "तुझी किल्ली येगळी हाय, म्हंजी तू चोरी केली नाय. तुला कुनी सांगितलंच नसंल. आमच्या भट्टीवर एका बाईचा आधीच एक ठसा व्हता. म्या मागून आले, म्हनून म्या दोन मारले. आता तू माझ्या मागून आली."

चोरी केली नाय! मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की माय, हिला सगळं सांगितलं होतं, मीच सांगितलं होतं, माझ्या ओट्यापाशी उभं राहून हिनं सगळं ऐकलं होतं. समोरच्या बाईंनाही ते आठवत होतं. त्या माझ्याकडं बघायचं टाळत होत्या.

मायनं ताट पुन्हा त्यांच्यापुढं सरकवलं, एक करंजी तेवढी माझ्या हातावर ठेवली आणि काठी मागून घेतली.

"पुढच्या खेपेला तू तीन मार," ती त्यांना म्हणाली. "म्हंजी तुझं तुला सापडंल."